गवताखालची ढेकळं

प्रिय तहरीम,

तुझा डबा पोचला. जितेंद्रनंच उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मातीची दोन ढेकळं बघून पोटभर हसला. म्हणाला, "दीपनगरात वीजकेंद्राची राख कमी होती म्हणून मैत्रिणीनं माती पाठवली!" मीही हसले. इथं मी सगळ्यालाच हसते.

चोपड्याला शिकताना सातपुड्याच्या पठारावर आपण घातलेलं कुंपण अजून उभं आहे, हे तुझ्या चिठ्ठीत वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. आठवतं? कुंपणाच्या आत पवना, मारवेल ही चांगली गवतं कमरेएवढी, बाहेर गुरांनी चरून उरलेली नुसती कुसळी. आत पाऊल रुतायचं, बाहेर जमीन खडखडीत. गवत गेलं म्हणून माती कडक झाली, की माती कडक झाली म्हणून चांगलं गवत येईना, यावर भांडत आपण डोंगर उतरायचो.

इथं कुणी मला रागावत नाही गं. जितेंद्र चांगलाच आहे. पण सासूबाईंचं मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणावर, आणि मी कुठं जायचं म्हटलं की तो म्हणतो, "जा की, पुढच्या महिन्यात." असे कितीतरी पुढचे महिने गेले. दोन खोल्यांत फोनवर बोलायचं तर तो शेजारीच असतो. म्हणून हा कागद.

परवा दुपारी दोन पेल्यांत पाणी घेतलं आणि ढेकळं सोडली. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "हाई काय करी ऱ्हायनी वं?" कुंपणाबाहेरचं ढेकूळ बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं. आतलं, गवताखालचं मात्र तसंच बसून राहिलं. त्यांनी विचारलं, "याले कोनी धरी ठेयेल शे?" मी सांगितलं, केसासारख्या बारीक मुळ्यांनी, आणि मुळ्यांभोवतीच्या बुरशीच्या चिकट धाग्यांनी. मग सांगतच राहिले. दूध उतू गेलं तरी. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "इतलं बोलस तू? माले माहीतच नव्हतं."

जेवताना त्यांनीच विषय काढला. "हिले डोंगरवर जाऊ दे. मी यशोदाकडे ऱ्हासू." यशोदामावशी म्हणजे त्यांची भुसावळची धाकटी बहीण. जितेंद्रनं त्यांच्या ताटात भात वाढला. "तू कशाला हलतेस माय? जाईल ती पुढच्या महिन्यात." विषय तिथंच मिटला.

पावसाळा संपत आला, आता मुळं खणून मोजायची आहेत, हाताशी माणूस हवं, असं तू लिहिलंस. तहरीम, तू ये. या रविवारीच, सासूबाईंना बघायला आले म्हणून. तुझ्यादेखत त्या पुन्हा बोलणार आहेत, तसं आम्हा दोघींचं ठरलंय. पाहुण्यांसमोर तो आईला नाही म्हणत नाही. भाजीला गेले तेव्हा मावशींना घाईत दोन शब्दांचा फोनही करून ठेवलाय. तो चहाचा आग्रह करील, तर घे, घाई करू नकोस. फक्त एक कर. ऐन वेळी मीच "राहू दे, पुढच्या वेळी" म्हणेन. मला ते म्हणायची सवय लागली आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस. हात धरून ने.

तुझीच, रविवारची वाट बघणारी,
सविता