बाबा कागदोपत्री हयात

सहकारनगर, पुणे
१२ नोव्हेंबर

ती. सत्यशीलाताईस,

धाकट्या नमूचा साष्टांग नमस्कार (गुडघे आता तो कागदावरच घालू देतात). तुझी कंबर आणि भावजींची साखर दोन्ही आटोक्यात असतील, असं धरून चालते.

गेले दोन आठवडे मी आईच्या ट्रंकेतली पत्रं लावते आहे. बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल एखादा तरी कागद मिळावा, एवढीच इच्छा होती. आईने सगळी पत्रं तारेला टोचून ठेवलेली, त्यामुळे आपल्या घराण्याच्या प्रत्येक बातमीला मधोमध भोक आहे. (तुझं लग्न ठरल्याच्या पत्रात ते नेमकं भावजींच्या शिक्षणावर पडलंय. आता काहीही सांगायला मोकळीक आहे.) घड्या मोडाव्यात म्हणून मी इस्त्री फिरवली, तर वाफेने एका आंतर्देशीय पत्राचा डिंक जागा झाला आणि मावशीचं पत्र चाळीस वर्षांनी पुन्हा बंद झालं. उघडायचा धीर होत नाही.

रविवारी खराडीहून तेजस्विनी आली. लेकीने दोनशे अकरा पत्रांचे फोटो काढले आणि त्यांवरून लॅपटॉपवर वंशावळ केली. तीत सगळ्यांचे जन्म आहेत, मुंजी आहेत, लोणची घातल्याच्या तारखासुद्धा आहेत. मेलेलं मात्र कुणीच नाही. बाबा एकशे चार वर्षांचे होऊन हयात आहेत. मी म्हटलं, अगं, मी तिथे होते, उशाशी बसले होते. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "आई, कागद दाखव."

कागद कुठून आणू? निधनाचं पत्र वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हा आईचा नियम. तो तिने इतका कडक पाळला की ट्रंकेत नुसतं शुभवर्तमान उरलं (आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरना फार आनंद झाला असता).

इकडे थंडी अजून नाही. बाकी सर्व ठीक.

तुझी
नमू

ता.क. बाबा गेले तेव्हा तुला नववा महिना होता, सोलापुराहून कुणी निघू दिलं नाही. म्हणून मी तुला आठ पानं लिहिली होती. बाबा शेवटचं काय बोलले ते त्यात होतं. मला आता इतकंच आठवतं, की ते ऐकून मी हसले होते. ते पत्र तू फाडलंस का?

आणखी एक. फाडलं असलंस, तर तसं लिहू नकोस. शोधते आहे, एवढंच कळव.