‘-एम’ काढायचा की नाही

सोम., १० ऑगस्ट
परत तेच. दादरच्या एका फोटोवाल्याने आमचं फायली हलवायचं टूल ‘-एम’ हा पर्याय लावून चालवलं. पलीकडची डिस्क भरलेली. कॉपी अर्धवट, मूळ फोटो साफ! कोणाच्या तरी लग्नाचे. कॉपी नीट झाली की नाही ते न बघताच ‘-एम’ मूळ फाइल पुसतो. बघून पुसणारा ‘-एन’ केव्हाचा दिलाय, पण लोक जुनं सोडतील तर शपथ. शुक्रवारच्या आवृत्तीत ‘-एम’ नको म्हणजे नको. सचिनला सांगायचंय. टूल दोघांचं, पण ‘-एम’ त्याचं लाडकं बाळ.

मंगळ., ११
सचिन ठाकूरद्वारला आमच्या घरी आला. आईच्या हातचे घावन हाणले आणि मग भांडला. "चालतंय ना? कशाला हात लावतेस? लोकांच्या आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट धडाधड बंद पडतील."
मी : ‘-एम’ जाणार, असा इशारा टूल कधीपासून छापतंय. कोणी हूं की चूं केलं नाही.
"कोणी वाचलाच नसेल तर?"
डोकंच फिरलं.

गुरु., १३
परळच्या एका हॉस्पिटलमधून सावंत मॅडमचा फोन. तिथले कॉम्प्युटर त्या बघतात. एक्स-रेच्या मशीनवरच्या जुन्या फायली रोज ‘-एम’ने बॅकअपच्या डिस्कवर जातात. मी विचारलं, इशारा नाही दिसला?
"अहो, ती बडबड रोज कोण वाचणार? स्क्रिप्टमध्येच तिचं तोंड बंद केलंय."
म्हणजे सचिन बरोबर. लिहिताना पण चिडचिड होतेय.
पुढचं त्याहून वाईट. बॅकअपची डिस्क काठोकाठ आलीय. नवी मागितलीय, मंजुरी अडकलीय. आमची नवी आवृत्ती त्यांच्याकडे आपोआप चढते. ‘-एम’ काढला तर फायली हलणार नाहीत, मशीनं भरून अडकतील. ठेवला तर एक दिवस एक्स-रे दोन्हीकडून जातील. पेशंटचे! कसं काय...

शुक्र., १४
सचिन मला न सांगता सकाळीच नायगावच्या त्याच्या घरून परळला गेला. मॅडमबरोबर बसून एकेक स्क्रिप्ट ‘-एन’वर आणतोय. असा आहे तो, भांडायचं तरी कसं?
दुपारी फोन. "बाकी सगळी मशीनं झाली. एक मशीन सापडत नाहीये. त्याच्या फायली कालपण आल्यात, पण ते कुठल्या खोलीत आहे कोणालाच माहीत नाही. जुना माणूस सोडून गेला."
"मग आवृत्ती सोडू की नको?"
"जरा थांब ना."
"भरत आलेली डिस्क थांबेल?"
सगळं तयार आहे, एक कळ दाबायचीय. फोन कानालाच धरून लिहितेय. त्याच्या मागे एक्स-रे काढताना कोणीतरी एका आजींना सांगतंय, श्वास रोखून धरा, हलू नका.