पुन्हा पाठवा

प्रिय टिकटिके,

हे पत्र आजच कुरिअरने पाठवते आहे, म्हणजे सोमवारच्या आत तुझ्या हातात पडेल. आधी शेवटपर्यंत वाच. मधेच उठून फोन करू नकोस. फोनवर तू बोलायला लागलीस की मी ‘बरं बाई, तुझंच खरं’ म्हणून मोकळी होते, हे तुलाही ठाऊक आहे. या वेळी तसं करून चालणार नाही. आणि पत्राचं एक बरं असतं, समोरच्याचा चेहरा बघून वाक्य बदलता येत नाही.

तुझा शोधनिबंध मिळाला. पडद्यावर वाचायला मला जड जातं म्हणून तू छापून, बांधून पाठवलास. पहिल्याच पानावर बाबांचा उल्लेख पाहिला आणि चष्मा काढून पुसावा लागला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हांला इंग्रजी उतारे हातात पेन्सिल घेऊन वाचायला लावायच्या, तसाच वाचला. गणितं आली की पुढच्या परिच्छेदावर उडी मारली, पण बाकीचं बऱ्यापैकी कळलं. बाबा असते तर त्यांनी गणितंच वाचली असती आणि मधला मजकूर ‘भाषण’ म्हणून सोडून दिला असता.

तुला बंदरावरची त्यांची ती वायरलेसची खोली आठवते का गं? जाड काचेची खिडकी, तेलकट टेबल, आणि कानाला लावायची ती हेडफोनची जड, गरम होणारी जोडी. तुझ्या इवल्याशा डोक्यावर ती बसायची नाही, मग ते दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. ‘या आवाजाच्या खरखरीत माणूस शोध,’ म्हणायचे. तू डोळे मिटून बसायचीस आणि घरी आलीस की चमच्याने ताटलीवर टिकटिक करत आम्हांला निरोप पाठवायचीस. त्यावरूनच तर नाव पडलं. मी ओरडायचे की पोरगी जेवत नाही, आणि ते म्हणायचे, जेवेल गं, आधी तिचा निरोप तर घे. पण त्यांची आणखी एक सवय होती. कितीही स्पष्ट ऐकू आलं तरी ते लगेच ‘मिळालं’ म्हणायचे नाहीत. आधी कळवायचे, ‘पुन्हा पाठवा.’ दुसऱ्यांदा तेच आलं तर खरं. मी एकदा चिडवलं होतं, की भाजी आण म्हटलं तरी दोनदा सांगावं लागतं, ते यामुळेच होय. तर हसले नाहीत. म्हणाले, आपण ज्याची वाट बघत असतो ना, ते खरखरीतसुद्धा ऐकू येतं. बोट बुडत असते आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे म्हणाले.

हे आज का आठवलं, ते पुढे सांगते. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाहीये, तेवढं सोस.

बाबांचं अंग एका बाजूने गेलं आणि तू ते पांढरं खोकं घेऊन आलीस. तो तुझा उंचच उंच सहकारी, ज्याला बाबा ‘अँटेना’ म्हणायचे, स्टूल न घेताच ते भिंतीवर लावून गेला. तू मला समजावलंस, की आई, घरातल्या वायफायसारख्याच या लहरी. त्या खोलीभर जातात, वस्तूंवर आपटून परत येतात. बाबांची छाती केसभर वर आली तरी परतणाऱ्या लहरीत फरक पडतो, आणि तो फरक वेगळा काढला की श्वास. कॅमेरा नको, अंगाला वायर नको, आणि तुला कुठेही असलीस तरी मोबाईलवर श्वासाची रेघ दिसणार. मी म्हटलं, मला मेलीला तर शेजारी बसूनही कधी कधी कळत नाही, या खोक्याला भिंतीवरून कळणार?

आणि मग ती सकाळ. मी स्वयंपाकघरात होते. तुझा फोन आला, आवाज चिरका. ‘आई, बाबांना कुठे नेलंस? खोली रिकामी दाखवतेय.’ हातातलं भांडं तिथेच टाकून मी धावले. बाबा होते तिथेच, छताकडे बघत. छाती हलत होती. मी दाराची चौकट धरून खाली बसले. मग तू फोनवरच सांगितलंस, की भिंत, कपाट, पलंग यांच्यावरूनही लहरी परत येतात, म्हणून जे हलत नाही ते सगळं यंत्र वजा करून टाकतं, आणि बाबा इतके निपचित पडून असतात की तेही वजा झाले. बाबा अर्ध्या तोंडाने म्हणाले, ‘म्हणजे मी कपाट. तुझ्या आईला केव्हाच कळलं होतं.’ आपण तिघं किती हसलो.

ती चूक तू दुरुस्त केलीस. पलंगाभोवती फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलीस आणि यंत्राला शिकवलंस, की या चौकटीत एक माणूस आहेच. श्वास कितीही बारीक असो, तो शोधून काढ. मला नियम घालून दिलास. चौकटीत पाय ठेवायचा तर आधी खोक्यावरचं ते हिरवं बटण दाबायचं, म्हणजे मोजणी थांबेल. नाहीतर माझा श्वास त्यांच्यात मिसळेल. अँटेनाने विचारलं होतं, काकू विसरल्या तर? आणि तू म्हणालीस, ‘आमची आई? कॉन्व्हेंटमधली आहे ती. सूर्य उगवायला विसरेल.’ मला अभिमान वाटला होता. तुझ्या निबंधात तेच वाक्य सभ्य भाषेत आहे: घरातल्या व्यक्तीने नियम काटेकोरपणे पाळले. तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता त्या दुपारचं सांगते. डॉक्टर सकाळी येऊन ‘मुलीला बोलवा’ म्हणून गेले होते. तू निघाली होतीस. मी पट्टीच्या बाहेर माझ्या खुर्चीत होते. बाबांचा श्वास कसा झाला होता माहीत आहे? जुनी मोटार चालू करताना करते तसा. दोन-चार आचके, मग गप्प, मग पुन्हा एक आचका. एकदा तो गप्प झाला आणि मी वाट बघत राहिले. मग मी उठले. बटण दाबलं नाही. बटण आठवलं नाही असंही नाही. समोरच होतं, हिरवं. पण त्या क्षणी ते दाबायला भिंतीपाशी जाणं म्हणजे त्यांच्यापासून दोन पावलं लांब जाणं होतं, आणि ते मला जमणार नव्हतं. मी पलंगावर चढले, त्यांच्या कुशीत शिरले, छातीवर डोकं ठेवलं आणि तशीच पडून राहिले. याबद्दल मी माफी मागत नाहीये. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

किती वेळ गेला कोण जाणे. खाली टॅक्सीचं दार वाजलं, जिन्यात तुझी पावलं वाजली, तेव्हा मी उठून दार उघडायला आले. तू मोबाईल हातात धरून वर येत होतीस आणि तुझा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ‘आत्ता गेले, आई. आत्ता. मी जिन्यात होते. माझ्यासाठी थांबले गं ते.’ मला काही उमगलंच नाही. वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. डॉक्टर पुन्हा आले, बाबांच्या जबड्याला हात लावला, तो आखडला होता, बोटं वाकवून पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं. तू त्यांना वेळ सांगितलीस, त्यांनी ती लिहून घेतली.

त्यानंतर प्रत्येक फोनवर तू हेच म्हणत आलीस. रडायचीस, पण शेवटी म्हणायचीस, थांबले ना पण. तेवढ्यावर तू जेवायला लागलीस, कामाला लागलीस. मलाही ते गोड वाटायला लागलं होतं.

मग हा निबंध आला आणि त्यात ती आकृती. खाली लिहिलंय: रुग्णाचा श्वास अखेरच्या टप्प्यात संथ आणि नियमित झाला, इतका क्षीण श्वास आजवर कोणत्याही बिनतारी पद्धतीने टिपलेला नाही. आणि पुढे, याच आधारावर रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांच्या वॉर्डात ही यंत्रं बसणार, आणि नर्सबाई तासातासाला हात लावून बघतात त्या फेऱ्या बंद होणार. सोमवारी त्या करारावर सह्या.

टिकटिके, ती रेघ नीट बघ. निबंधातली म्हणून बघू नकोस, घरातली म्हणून बघ. झटकन चढते, वर जराशी थबकते आणि मग घसरगुंडीसारखी लांबच लांब उतरते. गाण्याच्या सिस्टर आमच्यापुढे मेणबत्ती धरायच्या. नाकाने पटकन श्वास घ्या, रोखा, आणि इतका सावकाश सोडा की ज्योत हलेल, पण विझणार नाही. भीती वाटली की मी आपोआप तसाच श्वास घेते. दात काढताना, तुझ्या परीक्षेच्या निकालाला, तुझ्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत. तू कितीदा चिडवलंयस मला, ‘आईची मेणबत्ती लागली बघ.’ बाबांना आयुष्यात कधी असा श्वास घेता आला नाही. ते तर झोपेतही शिट्टी वाजवायचे.

तू यंत्राला सांगितलंस की चौकटीत एक माणूस आहेच, श्वास शोध. त्याने शोधला, माझा, आणि मी दार उघडायला उठले तेव्हा तो थांबला. त्या वॉर्डातही पलंगाशेजारी कोणी ना कोणी असेलच. कोणाची बायको, कोणाची बहीण. बटणाचा नियम तीही ऐकून घेईल, मान हलवील, आणि नेमक्या त्या वेळी माझ्यासारखीच पलंगावर डोकं टेकेल. बाहेर टेबलावर रेघ छान चालत राहील, आणि नर्सबाई, जिने वेळेत येऊन काही करायला हवं होतं, ती येणारच नाही.

हे मला तीन दिवस लिहवत नव्हतं. तुझ्याकडून मी काय काढून घेतेय, ते मला कळतंय. मनात येत होतं, माझीच चूक होत असेल, म्हातारपणी कुठल्याही रेघेत स्वतःचं तोंड दिसतं. मग बाबा आठवले. एकदा ऐकलेलं खरं मानायचं नाही. बाबांची खोली मी बंद ठेवली होती, खोकं अजून भिंतीवर तसंच आहे. काल दुपारी जेवण झाल्यावर मी ते सुरू केलं, पिवळ्या पट्टीच्या आत गेले आणि त्यांच्या रिकाम्या पलंगावर, त्यांच्या जागेकडे तोंड करून पडले. भीती वाटत होतीच, त्यामुळे मेणबत्ती वेगळी लावावी लागली नाही. तुझ्याकडे त्याची नोंद आली असेल. सह्या होण्याआधी कालची रेघ उघड आणि त्या आकृतीवर ठेवून बघ. मी पुन्हा पाठवलं आहे.

तुझीच,
आई