तक्रार काही नाही

शनिवार, १४ ऑक्टोबर

लाडक्या रॉक्सी,

तुला, ग्रेगला आणि दोन्ही पोरींना माझ्या पाप्या. टूसॉनला अजून ऊन भाजतंय असं तू म्हणालीस. इथे मिनेसोटात थंडी दाराशी येऊन बसली आहे. रानहंस दक्षिणेकडे निघालेत, रोज सकाळी डोक्यावरून त्यांचा कलकलाट. टोमॅटो संपले, शेवटचे हिरवेच तोडले आणि लोणचं घातलं. तू पाठवलेला नारंगी स्वेटर मिळाला. रंग जरा भडक आहे, पण शेजारचा ड्वेन म्हणतो, "हरणांच्या शिकारीच्या दिवसांत घाल, निदान हरीण समजून कुणी गोळी तरी घालणार नाही." तेव्हा घालते आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला मधेच तोडतेस बाळा, आणि मग मी "बरं आहे" म्हणून ठेवून देते. आज मला शेवटपर्यंत बोलायचंय.

गावात सध्या एकच विषय, आमची घरं. तुला माहीतच आहे, भाड्याची घरं तपासायला नगर परिषदेचा माणूस यायचा तो फक्त गावातल्या इमारतींत. आमचे ट्रेलर एके काळी चाकांवर आले म्हणून कागदोपत्री वाहनं! चाकं कधीच गेली, ही धुडं वर्षानुवर्षं जागची हललेली नाहीत, तरी वाहनं. उन्हाळ्यात परिषदेची सभा झाली तेव्हा ड्वेन उभा राहिला आणि म्हणाला, "मग माझ्या गाडीतला संडास तुंबलाय, कुठल्या गॅरेजला नेऊ?" अख्खं सभागृह हसलं. पण विषय निघाला तो निघालाच. ठरलं असं, की तपासनीस बाईंनी एकदा आमच्या ट्रेलर-पार्कमध्ये, म्हणजे या सगळ्या वस्तीत, घरोघर फिरावं, काय दिसतं ते परिषदेला सांगावं, आणि मग आम्हाला भाड्याच्या घरांच्या नियमात घ्यायचं की नाही यावर परिषदेत मतदान घ्यावं.

पार्क आणि त्यातली घरं ज्या कंपनीची, तिचा वकील तेव्हा गोड हसून म्हणाला, "आमचे भाडेकरू समाधानी आहेत. कुणाची तक्रार काही नाही."

आणि रॉक्सी, ते खोटं नव्हतं. आपली माणसं तुला माहीत आहेत. छप्पर उडून गेलं तरी विचारणाऱ्याला "तसं वाईट नाही" म्हणणारी. तुझे बाबा हॉस्पिटलात नाकातोंडात नळ्या घालून पडले होते, तेव्हाही नर्सला तेच सांगत होते.

तर तपासनीस ओडेगार्डबाई येणार असं कळलं, आणि पार्कमध्ये जी धांदल उडाली! पाहुणी येणार म्हटल्यावर घर दाखवण्यासारखं नको? मी खिडक्या पुसल्या, पडदे धुतले, लिंबाच्या वड्या भाजल्या. ड्वेनने फुटक्या खिडकीपुढे कपाट सरकवलं. पलीकडे मारिसोल राहते, टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला जाते ती, तिच्या बाळाच्या खोलीत भिंतीला काळी बुरशी आहे आणि लेकरू सारखं खोकत असतं. तर त्या बयेने काय करावं? भिंतीला निळा रंग फासला आणि वर ढगसुद्धा काढले!

नुसती हौस नव्हती ती, भीतीही होती. नदीपलीकडचा पार्क आठवतो ना? तिथे असाच तपासनीस आला होता. दारांवर लाल कागद लागले, घरं राहण्याजोगी नाहीत म्हणून. माणसं गाद्या पिकअपमध्ये टाकून कुठे कुठे गेली, आणि तिथे आता नुसतं गवत आहे. तेव्हापासून आमच्याकडे कुणी वही घेऊन दिसला की आधी पडद्याआडून पाहिलं जातं.

ओडेगार्डबाई आल्या. पन्नाशीची बाई, मोठे बूट, बोलायला साधी. प्रत्येक दारात विचारत होत्या, "काही तक्रार?" आणि प्रत्येक दारातून तेच, "छे छे, तसं वाईट नाही. कॉफी घेता का?" माझ्याकडे पोचेपर्यंत त्या बिचारीच्या पोटात इतकी कॉफी आणि केक गेला होता, की वडी बघूनच त्यांनी हात जोडले.

मग पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "आर्डिथ, मी हे काम किती वर्षं करतेय. इतका चकचकीत पार्क मी पाहिला नाही. सोमवारी परिषदेला सांगावं लागेल, सगळं ठीक आहे. मग विषय संपला."

"मग चांगलंच की," मी म्हणाले.

"चांगलं? रंगाचा वास येतोय मला. ढगांच्या मागे काय आहे तेही कळतंय. पण घरच्या माणसाने दाखवल्याशिवाय मला भिंत खरवडता येत नाही."

मी विचारलंच, "आणि दाखवलं तर? लाल कागद?"

"तेच तर सांगतेय सकाळपासून, पण कुणी ऐकून घेतलं तर ना! नुसत्या वड्या पुढे करता. या वेळी परिषदेने आधीच ठरवलंय. ठराव पास झाला तर दुरुस्ती मालकाने करायची, आणि पास होवो न होवो, दाखवलं म्हणून कुणाला घराबाहेर काढायचं नाही."

मी दार सताड उघडलं. मग म्हटलं, "आत या."

आता तू बस खाली. बसलीस? ऑगस्टमध्ये मी तुला सांगितलं, की बागेतलं दाताळं पायाला लागलं. दाताळं नव्हतं. न्हाणीघरातली जमीन खालून कुजली होती आणि मी आंघोळ करून बाहेर पाऊल टाकलं ते थेट मांडीपर्यंत खाली. एक पाय घरात, एक पाय घराखालच्या मातीत, अंगावर टॉवेल! ओरडून ओरडून ड्वेनला बोलावलं. त्याने डोळे मिटून मला वर ओढलं आणि ओढता ओढता म्हणतो, "आर्डिथ, तुझ्या गाडीला ब्रेक लागत नाहीत वाटतं." टाके पडले. त्या भोकावर मी फळी टाकली आणि वर तो फुलाफुलांचा गालिचा अंथरला. तेव्हापासून भिंत धरून धरून आंघोळीला जात होते.

रागावू नकोस. रागावच, पण पुढे वाच. तू ईस्टरला म्हणाली होतीस, "आई, आता एक जरी काही झालं ना, तर मी येऊन तुला उचलून आणीन." मायेने म्हणालीस, कळतं मला. पण मी मात्र तेव्हापासून तुझ्यापासून सगळं झाकायला लागले, जणू लाल कागद घेऊन तूच येणार होतीस. पोटच्या पोरीची भीती वाटावी, ही काय गोष्ट झाली? लाज वाटली मला.

तर गालिचा उचलला. ओडेगार्डबाईंनी भोकात विजेरी धरली आणि एवढंच म्हणाल्या, "अरे देवा."

मग मी थांबते होय! स्वेटर चढवला आणि त्यांना घेऊन पुन्हा पहिल्या दारापासून निघाले. ड्वेन कुरकुरला, "आताच तर कपाट सरकवलं, कंबर गेली माझी." म्हटलं, "परत सरकव." मारिसोल मात्र दारात घट्ट उभी. म्हणाली, "तुमचं वय झालं, तुम्हाला कोण काढणार? माझ्या कडेवर लेकरू आहे." मी ओडेगार्डबाईंना म्हटलं, तो नियम हिला वाचून दाखवा. त्यांनी वाचला. मारिसोलने दोनदा वाचायला लावला. मग आत गेली आणि उलथनं घेऊन स्वतःच ते ढग खरवडायला लागली, रडत रडत. मी बाळाला घेतलं.

सोमवारी आम्ही सगळे सभेला गेलो. कंपनीचा वकील माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, इतकी वर्षं तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, आता एकाएकी?"

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही इकडचे दिसत नाही. आमच्याकडे 'तसं वाईट नाही' म्हणजे वाईट. 'चाललंय' म्हणजे छप्पर गळतंय. आणि 'तक्रार काही नाही' म्हणजे लेकराला खोकला आहे, आणि बोललो तर डोक्यावरचं छप्पर जाईल अशी भीती आहे."

परिषदेच्या अध्यक्षबाईंना हसू फुटलं. म्हणाल्या, "माझी आई अगदी अशीच बोलते." हसता हसता डोळे पुसत होत्या. आम्हाला नियमात घ्यायचा ठराव पास झाला. एकाच मताच्या फरकाने, पण झाला.

काल कंपनीचा सुतार आला. न्हाणीघरात नवी जमीन झाली. मी मुद्दाम त्यावर उडी मारून पाहिली, सुतार घाबरला. मारिसोलच्या घरी भिंतच काढून टाकली आहे, तोवर ती आणि बाळ माझ्याकडे झोपतात. नळाला पाणी अजून गंजाचं, तांबडंच येतं. कंपनी कोर्टात जाणार म्हणते. जाऊ दे. ओडेगार्डबाई वसंतात पुन्हा येणार आहेत, आणि या खेपेला लोक आधीच काय काय दाखवायचं ते ठरवून बसलेत. ड्वेनची यादी तर विचारू नकोस.

आता मुख्य गोष्ट. तू माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहेस. तिथे माझा पलंग कुठे ठेवायचा हेही तू ठरवलंस, हे ग्रेगने सांगितलं मला. वाचून तुला वाईट वाटेल, म्हणून किती दिवस हे लिहायचं टाळलं. मी येणार नाही, रॉक्सी. नाताळाला येईन, पोरींबरोबर त्या खोलीत झोपेन, तुझ्या हातचं खाईन आणि परत जाईन. तुझ्यावर माझा जीव आहे, तुला वाटतं त्याहून जास्त. पण आयुष्यात पहिल्यांदा मी "हे बरं नाही" असं तोंडाने म्हटलं आणि कुणीतरी ते ऐकलं. आता कुठे या घरात राहायला सुरुवात केली आहे मी.

यापुढे काही मोडलं तर तुला खरं सांगेन. तूही सांगत जा. मोठा कागद घे आणि उत्तर याच पत्त्यावर पाठव. मी इथेच राहते.

तुझी आई,
आर्डिथ