हॅरोबीच्या हॉकीघराचा इतिहास आणि माझी शिंक

प्रिय वॉन्डाताई,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून धाकट्या भावाचा उभ्यानेच नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? इथे उणे बत्तीस आहे. गाडी सुरू होत नाही, माझं तोंड तेवढं चालू आहे.

आपल्या जुन्या हॉकीघरात आता ग्रंथालय होतंय. दारावरच्या पितळी फलकासाठी इतिहास लिहायचं काम गावाने माझ्या गळ्यात मारलंय (त्या वेळचे गावात राहिलेले बाकीचे वारले, हीच माझी पात्रता). शनिवारी द्यायचाय. सुरुवात झकास जमली. महायुद्धानंतर मोडीत निघालेली विमानांची पत्र्याची शेड बाबांनी आणि शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरला बांधून गावात ओढत आणली, आत पिंपांनी पाणी ओतलं आणि खिडक्या सताड उघडल्या. हॉकी खेळायला बर्फ थंडीने फुकटात करून दिला. (आतल्यापेक्षा बाहेर ऊब असायची, हेही लिहिलं होतं, ग्रंथालयाच्या अध्यक्षीणबाईंनी खोडलं.) पुढे हॉकी मोठ्या गावात गेली, इथे बियाण्यांची पोती आली, मग कोंबड्यांचं प्रदर्शन, मग नुसतीच कबुतरं. पण जो भेटतो तो एकच सांगतो, "सदुसष्टचा गोल नीट लिही हं, कॅझ!"

तिथेच घोडं पेंड खातंय. शेजारच्या विलोडेल गावाशी अंतिम सामना, दोन-दोन बरोबरी, शेवटचं मिनिट. पक, म्हणजे ती रबरी चकती, रेषेपार गेला की लाल दिवा लावायला मी जाळ्यामागच्या फळ्यांच्या खोक्यात बसलेलो. एमिलभावोजींनी (तेव्हा नुसता एमिल) फटका मारला आणि नेमकी मला शिंक आली. अशी आली, की हात बटणावर आपटला. दिवा पंचाने पाहिला, दिवा गावाने पाहिला. पक जाळ्याला बाहेरून लागून मागे पडला, तो पाहिला मी एकट्याने. मी "अहो, थांबा" म्हणालोसुद्धा, पण तोवर बाबांनी मला खोक्यातून उचलून खांद्यावर घेतलं होतं. ताई, बाबांनी त्याआधी मला कधी उचलल्याचं आठवत नाही, नंतरही नाही. मी गप्प बसलो, तो आजपर्यंत.

आता पितळेवर खोटं कोरायला हात धजत नाही. खरं कोरलं तर गावाचा एकुलता चषक जाणार, विलोडेलवाले दात काढत येणार, आणि भावोजींचं काय? दर नाताळात ते टर्की कापायच्या आधी तो गोल मीठदाणीने मारून दाखवतात. मला तर जेवणही जात नाही.

तुझा घाबरट भाऊ,
कॅझ

ता. क. : खरी विनंती अशी, की हे भावोजींना तू सांग. पोट भरलेलं असताना सांग.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना राहवलं नाही, भावोजींनाच फोन लावला. म्हणाले, "अरे येड्या, फटका मी मारला, कुठे गेला ते मला कळणार नाही? पण दिवा लागला आणि तुझ्या बहिणीने कठडा ओलांडून अख्ख्या गावासमोर मला मिठी मारली. त्याआधी दोन वर्षं ढुंकून बघत नव्हती. खरं बोलून तिला घालवू होय?" फलकावर 'शेवटच्या मिनिटाला लाल दिवा लागला' एवढंच लिहायचं ठरलंय. त्यात खोटं काही नाही. मात्र वॉन्डाला यातलं अक्षर कळता कामा नये, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. तेव्हा ताई, कृपा करून हे पत्र वाचू नकोस.