कडेचा ठिपका

१४ जून, रविवार

प्रिय चिमे,

तुझी दाढ काढून झाली का? तुझी वहिनी रोज विचारते आणि मी रोज "पत्र लिहून विचारतो" म्हणतो. आज बसलोच. इकडे सगळे बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण छापखान्यातलं मशीन त्याहून जास्त कुरकुरतं, त्यामुळे ऐकू येत नाही.

तुला हसू येईल, पण या वयात मला चित्रांचं वेड लागलंय. तीस वर्षं चित्रं छापली, ती फक्त शाई नीट बसली का एवढंच बघत. आता मुलांच्या पुस्तकांचं काम वाढलंय आणि ही नवी चित्रकार मंडळी स्वतः येऊन मशीनपाशी उभी राहतात. एकजण आख्खं पुस्तक दोनच रंगांत काढतो, तरी त्यातलं ऊन अंगाला लागतं. एक बाई नुसते माणसांचे पाय काढतात, आणि पायांवरून कोण दमलंय, कोण रुसलंय ते कळतं. खराब निघालेले कागद पूर्वी रद्दीत जायचे, आता मी घरी आणतो. वहिनी म्हणते, शिंगं मोडून वासरांत शिरलात.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली, पंचविशीची. तिच्या एका चित्रात पान सगळं कोरं आणि खाली कोपऱ्यात एक मुंगी. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "मुंगी मोठी करू या का? एवढी जागा फुकट चाललीय."

"फुकट कुठे, काका? तिला अजून तेवढं चालायचंय."

मुंगी होती तेवढीच ठेवली. मग तिचं लक्ष माझ्या टेबलावरच्या फळीकडे गेलं. तिथे तुझं पुस्तक असतं, तुझं पहिलं आणि शेवटचं. तिने ते लगेच ओळखलं, लहानपणी तिच्या घरी होतं. दारात बसलेल्या मुलीचं आणि पुढच्या लांबलचक रस्त्याचं पान उघडून म्हणाली, "ही कोणाची वाट बघतेय ते मला कळायचंच नाही. फार वाईट वाटायचं. शेवटी मी कडेला पेन्सिलीने कोणीतरी येताना काढलं."

चिमे, पुढचं सांगायचं मी एकोणीस वर्षं टाळलं.

तुझ्या मूळ चित्रात रस्त्याच्या टोकाला तिळाएवढा ठिपका होता. मला तो छपाईच्या प्लेटवरचा डाग वाटला. विचारायचं सोडून मी सगळं पुस्तकच दोन बोटं अरुंद कापलं. वर तेच जास्त सुबक दिसतंय असंही वाटलं. पुस्तक हातात आल्यावर तू ते पान उघडलंस आणि विचारलंस, "दादा, आई कुठे गेली?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण दोघं दारात बसून कामावरून येणाऱ्या आईला असंच बघायचो. आधी ठिपका, मग तिची चाल, मग हातातली पिशवी. निदान मला तरी ते ओळखू यायला हवं होतं. पण मी म्हणालो, कापायच्या मशीनची पट्टी सरकली. "मशीनला काय बोलणार," एवढंच म्हणालीस तू. मग नोकरी धरलीस आणि पुन्हा ब्रश हातात घेतला नाहीस. मशीन बिचारं ठीक चाललं होतं. पट्टी मी सरकवली होती. मला त्याची लाज वाटते, आणि खोटं बोललो त्याची जास्त.

सोबतच्या गुंडाळीत न कापलेलं प्रूफ आहे. त्याच दिवशी रद्दीतून काढून कपाटात ठेवलं होतं, तुला दाखवायचा धीर झाला नाही. प्रकाशक ते पुस्तक पुन्हा काढायचं म्हणतात. तू हो म्हणालीस तर या वेळी पान पूर्ण छापीन. नाही म्हणालीस तर तेही बरोबरच असेल.

त्या मुलीला मी हे प्रूफ दाखवलं. ती ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "मीसुद्धा याच कडेला काढलं होतं." आणि जाताना विचारलं, "या बाईंचं पुढचं पुस्तक कुठे मिळेल?"

तिला काय सांगू ते कळव.

अजून त्याच दारात बसलेला,
तुझा दादा