तळटिपेतलं नाव

भाईंदर, माघ, १९६८

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

उत्तनच्या शिलालेखावरचा माझा लेख पुन्हा टाइप होऊन आलाय, पण पाकिटात जाईना. त्या दगडावर तुम्ही देवळाला दिलेलं दान वाचलंत; मला तिथं मिठागराचं भांडण दिसतंय. वडीलधाऱ्यांचं मत खोडताना नाव घेऊ नये, 'केचित्' म्हणजे 'काही जण' म्हणावं, हे तुम्हीच शिकवलंत. तसंच लिहिलं, तर संपादकांनी लेख परत पाठवला: "हे काही जण कोण? नाव द्या, तरच छापू."

तुमची भाचेसून मंदा म्हणाली, "अख्खी हयात त्या दगडापाशी घालवलेल्या माणसाला 'काही जण' म्हणता? त्यापेक्षा सरळ चुकलात म्हणा." न्यायशास्त्र मी शिकलो आणि आलं हिला.

तळटिपेत आता तुमचं नाव आहे. तुमची नजर गेल्यापासून सुलू तुम्हाला सगळं वाचून दाखवते. लेकीच्या तोंडून ती टीप तुम्ही ऐकावी, हे मला सोसणार नाही. हे पत्रही तिलाच वाचावं लागेल, म्हणून पोस्टात टाकत नाही.

रविवारी लेख घेऊन मीच येतो. हवं तेवढं रागवा. टीप न गाळता वाचीन, मगच पाकीट बंद करीन.

तुमचाच विद्यार्थी, दुर्दैवानं,
सदू